पिल्लू घेण्याआधी "आई कुठे आहे?" हे विचारायला लावणारा गट: आमचा अनुभव

आधीच सांगते, हा दुकानाचा किंवा कंपनीचा रिव्ह्यू नाहीये. कुत्र्या-मांजरांच्या अमानुष ब्रीडिंगविरुद्ध, म्हणजे विकण्यासाठी माद्यांकडून सतत पिल्लं काढून घेण्याविरुद्ध, काम करणारा स्वयंसेवकांचा एक गट आहे, पगारी माणूस एकही नाही, सगळे नोकरी आणि घर सांभाळून हे करतात, आणि तीन प्रकारची मदत देतात. पिल्लू विकत घ्यायला निघालेल्या माणसाला ती जाहिरात आणि तो विक्रेता तपासून देतात, ब्रीडिंगमधून सुटलेल्या माद्यांना घरं शोधून देतात, आणि कुणाला तक्रार करायची असेल तर पुरावे कसे गोळा करायचे, कुठे द्यायचे ते सांगून शेवटपर्यंत सोबत राहतात. आमच्या घरी या तिन्हींचा अनुभव घेऊन झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. गटाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण त्यांच्यातले काहीजण गिऱ्हाईक बनून ब्रीडरकडे जातात, नाव पसरलं की चेहरे ओळखले जातात आणि मग ते काम बंद पडतं. असे गट ठिकठिकाणी आहेत, तुमच्या जवळचा गट कसा आहे हे जोखायला यातलं काही कामी आलं तर बरं.

आमचा संबंध जाहिरात तपासणीवरून आला. भाच्याला पग हवा होता आणि ताईने ऑनलाइन एक जाहिरात बघून ठेवली होती, गोंडस फोटो, "शुद्ध जात, ४० दिवसांचं, लसीकरण पूर्ण, घरपोच मिळेल". ती लिंक मी गटाला पाठवली आणि तिकडून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, गटात त्यांना सगळे मावशीच म्हणतात. मावशींनी पहिल्या काही मिनिटांतच त्या जाहिरातीची पिसं काढली. फोटो इमेज सर्चमध्ये टाकल्यावर तोच फोटो अजून तीन-चार जाहिरातींत निघाला, वेगवेगळ्या नावांनी. त्याच मोबाइल नंबरवर पग, शित्झू, हस्की आणि पर्शियन मांजराची पिल्लं, सगळंच "आता उपलब्ध". आणि लसीकरणाचं तर उघड खोटं होतं, कारण पिल्लाची पहिली मुख्य लसच साधारण ६ ते ८ आठवड्यांत सुरू होते आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा असतो, त्यामुळे "लसीकरण पूर्ण झालेलं ४० दिवसांचं पिल्लू" ही गोष्टच अस्तित्वात नसते. हे एक वाक्य जरी लोकांनी लक्षात ठेवलं तरी निम्म्या जाहिराती तिथेच गळतील असं मला वाटतं.

मग मावशी ताईला म्हणाल्या, "तू स्वतःच फोन लाव, मी लाइनवर ऐकते. वाद घालायचा नाही, भाव करायचा नाही. एवढंच विचार की आई कुठे आहे आणि पिल्लांना आईसोबत बघायला कधी येऊ." ताईने विचारलं. आधी म्हणाला आई पार्टनरकडे असते. मग म्हणाला तिला इन्फेक्शन आहे, बाहेरच्या माणसाला भेटवता येत नाही. मग म्हणाला व्हिडिओ पाठवतो. आणि शेवटी, घ्यायचं असेल तर आजच सांगा मॅडम, दुसरी पार्टी थांबलीय. व्हिडिओ आला तोही बघितला, एक पग लादीवर उभी, आजूबाजूला एकही पिल्लू नाही, पोट सपाट, आचळं आटलेली. ४० दिवसांपूर्वी व्यालेली, अजून पिल्लांना पाजणारी मादी अशी दिसत नाही हो. ताईने तिथेच विषय बंद केला.

या सेवेचा जीव त्या एका प्रश्नात आहे म्हणून त्यावर जरा थांबते. पिल्लाला आंघोळ घालून, पावडर लावून, रिबीन बांधून दुकानात किंवा फोटोत बसवता येतं, पण आईला तसं लपवून छपवून सजवता येत नाही, तिच्या अंगावर सगळा हिशोब लिहिलेला असतो. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गाभण राहिल्यावर ६३ दिवसांच्या आसपास व्यायते, पुढे पिल्लं दोन महिन्यांची होईस्तोवर तिचं अंग भरून येत नाही तोच पुढचा माज जवळ येतो. कारखाना चालवणाऱ्याला मधली विश्रांती परवडत नाही. दर माजाला नर सोडला जातो. मांजरीचं तर याहून वाईट, ती पिल्लांना पाजत असतानाच परत माजावर येऊ शकते आणि परत गाभण राहू शकते, म्हणजे अंगावर एक वेत आणि पोटात दुसरं. म्हणून विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करतो. सगळा धंदा तिला नजरेआड ठेवण्यावर उभा आहे आणि म्हणून गटाचं सगळं कामही तिला समोर आणण्याभोवती फिरतं.

ही कल्पना या गटाची नाही, ते स्वतःच तसं सांगतात. इंग्लंडमध्ये मार्क अब्राहम नावाच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये पप एड नावाची मोहीम सुरू केली होती. २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पपी फार्ममधून, म्हणजे पिल्लांच्या कारखान्यातून, लूसी नावाची कॅव्हेलियर जातीची कुत्री बाहेर आली, वर्षानुवर्षं अपुऱ्या पिंजऱ्यात राहून कण्याला बाक आलेला, सांधे आखडलेले, अंगावरचे केस गेलेले. तिला ज्या बाईंनी घरी नेलं त्यांनी तिचे फोटो, तिचं रोजचं जगणं लोकांसमोर ठेवलं. २०१६ मध्ये लूसी गेली, पण तिच्या नावाने याचिका झाली, एक लाखाहून जास्त सह्या झाल्या, पार्लमेंटमध्ये चर्चा झाली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये कायदा लागू झाला की सहा महिन्यांखालचं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू मधल्या व्यापाऱ्याने विकायचंच नाही, घेणाऱ्याने थेट ब्रीडरकडे जायचं नाहीतर रेस्क्यू संस्थेकडे. त्याआधी १ ऑक्टोबर २०१८ पासून परवानाधारक ब्रीडरला पिल्लू आईसोबत दाखवणं बंधनकारक झालंच होतं. एका मादीचं दुखणं लोकांना दिसलं आणि कायदा झाला. मावशींनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं म्हणूनच त्या इतक्या चिकाटीने प्रत्येक अनोळखी माणसाच्या जाहिराती तपासत बसतात.

अर्थात व्यापारीही शहाणे झालेत. पिल्लं विकण्यापुरतं एखादं नीटनेटकं घर भाड्याने घ्यायचं आणि दुसरीच कुठली तरी मादी आई म्हणून बसवायची हा प्रकार चालतो. यावर गटाने एक साधा कागद बनवलाय, तो मला फार आवडला. मादी पिल्लांना अंगाला लागू देते का, की त्यांच्यापासून लांब पळते? आचळं भरलेली आहेत का? पिल्लं तिच्याकडे आपणहून जातात का? घरात पिल्लांचा वावर दिसतो का, म्हणजे कागद, घाण, चावलेली खेळणी, की सगळं चकाचक? दोनदा वेगवेगळ्या दिवशी जाता येतं का? आणि रस्त्यात, पार्किंगमध्ये, स्टेशनबाहेर भेटू म्हणाला तर जायचंच नाही. कागद एका पानाचा आहे, भाषा सोपी, आजीआजोबांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. यात एकच कमी वाटली, मांजरांसाठी वेगळा कागद नाही, कुत्र्यांचाच थोडा बदलून वापरतात.

भाच्याचं पुढे काय झालं तेही सांगते. मावशींनी पग घेऊ नकोस असं सांगितलं नाही, त्याला एका डॉक्टरांशी बोलायला लावलं. डॉक्टरांनी चपट्या तोंडाच्या जातींचं श्वासाचं दुखणं समजावलं, नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, चालताना घोरल्यासारखा आवाज येतो तो गोड नसतो, ते प्राण्याला हवा कमी पडत असते. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये तर ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने होतात असं ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं होतं, पिल्लांचं डोकं मोठं आणि आईचा कटिभाग अरुंद, माणसानेच तसं घडवलंय. म्हणजे प्रश्न फक्त घाणेरड्या पिंजऱ्याचा नाही, स्वच्छ घरात वाढलेलं पिल्लूही जन्मजात त्रास घेऊन येऊ शकतं. नॉर्वेमध्ये प्राणीरक्षण संस्थेने यावरून कोर्टात केस लढली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरचं ब्रीडिंग प्राणीकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवलं. भाचा गप्प बसून ऐकत होता. चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी समजावलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, डॉक्टरांचं ऐकलं.

आता दुसरी सेवा, ब्रीडिंगमधून सुटलेल्या माद्यांना घर. आमच्याकडे चिंगी आली ती इथूनच. बीगल आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने सहा-सात वर्षांची, म्हणजे बंद पडलेल्या फार्मवर जितके माज आले असतील तितक्या वेळा ती व्यालेली. आली तेव्हा पुढचे बरेच दात गेलेले, राहिलेले सडलेले, पोटाखाली लोंबणारी कातडी आणि एका बाजूला गाठ, पायाची बोटं फाकलेली आणि तळव्यांना जुने घट्टे. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात प्राणी वर्षानुवर्षं ठेवला की पंजे असे होतात, जाळी ठेवतात कारण घाण खाली पडते आणि साफ करायला माणूस लागत नाही. तिला जिना माहीत नव्हता. गवतावर ठेवली की पाय उचलून उचलून उभी राहायची. आणि गोल फिरायची, ठराविक मापाचं वर्तुळ, मोकळ्या खोलीतही तेवढंच.

ते माप कुठून येतं हे मला नंतर कळलं. अमेरिकेत १९६६ चा प्राणी कल्याण कायदा आहे, परवाने आहेत, तपासणी आहे, आणि त्या नियमांत पिंजऱ्याचा किमान आकार आजही असा आहे की कुत्र्याच्या लांबीत सहा इंच मिळवायचे, येईल तेवढ्या बाजूचा चौरस, आणि डोक्यावर सहा इंच मोकळे. एवढ्यात आयुष्य काढलं तरी ते कायदेशीर. मग जिथे नियम नाहीत किंवा कागदावरच आहेत तिथे काय होत असेल. भारतात २०१७ साली कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आले, त्यात ब्रीडरची नोंदणी सक्तीची आहे, १८ महिन्यांच्या आधी मादीवर नर सोडायचा नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नको, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, सगळं लिहिलेलं आहे. जाहिरातीतल्या ४० दिवसांच्या पिल्लाला यातला शेवटचा नियम लावून बघा.

गटाने चिंगी आम्हाला सहजासहजी दिली नाही आणि याबद्दल काही लोकांनी त्यांना कमी रेटिंग दिलेलं मी पाहिलंय, "एवढे प्रश्न तर लग्नात विचारत नाहीत" वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. घरी बघायला आले, गॅलरीची जाळी तपासली, दिवसभर घरी कोण असतं, प्रवासाला गेलात तर कोण बघणार, डॉक्टरांचा खर्च झेपेल का, सगळं विचारलं, घरमालकाची परवानगी लेखी मागितली. नसबंदी, दातांचं ऑपरेशन, गाठीची तपासणी हे सगळं करूनच मादी देतात. नसबंदीचा आग्रह का तेही नीट समजावलं, गर्भाशयात पू होण्याचा धोका वयस्कर माद्यांना असतोच आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. शिवाय नसबंदी न केलेली मादी परत कुणाच्या तरी हातात गेली तर परत त्याच चक्रात जाईल ही भीती आहेच.

आणि त्यांनी आम्हाला जे लेखी मार्गदर्शन दिलं त्याला मी पूर्ण गुण देईन. वरून हात न्यायचा नाही, बाजूने, खाली बसून. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. पहिले काही आठवडे दोन पट्टे, एक गळ्याला एक हार्नेसला, कारण घाबरलेली मादी उघड्या दारातून सुटली तर हाकेला येत नाही, तिला स्वतःचं नावच माहीत नसतं. जेवण ठेवून खोलीतून निघून जायचं. घरात दुसरा शांत कुत्रा असेल तर फार उत्तम, माणसांपेक्षा ती त्याच्याकडून लवकर शिकते. शी-शू कुठे करायची हे तिला कुणी शिकवलेलंच नाही, रागवायचं नाही. यातली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे लागू पडली. २०११ मध्ये मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी अशा फार्ममधून सुटून घरांत गेलेल्या हजाराहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास केला होता, त्यातही हेच दिसलं की घरात वाढलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत यांच्यात भीती कितीतरी जास्त असते, हात लावलेला सहन होत नाही, एका जागी टक लावून बघत बसतात, आणि सुटून कित्येक वर्षं झाली तरी काहींमध्ये ते राहतं. गटाने हे लपवलं नाही. प्रेमाने सगळं ठीक होईल असलं काही बोलले नाहीत, काही माद्या कधीच मांडीवर येत नाहीत, ते मान्य असेल तरच न्या असं तोंडावर सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला, कारण असं न सांगता दिलेले प्राणीच परत येतात.

चिंगी मांडीवर येत नाही. जिना चढते, वरच्या पायरीवर बसून सगळ्यांकडे बघते, आणि भाचा आला की शेपटी हलवते. ते गोल फिरणं पाहुणे आले की अजून होतं. फॉलोअपचे फोन अजूनही येतात, "चिंगीताई कशी आहे" म्हणून विचारतात, आणि मी काही अडचण सांगितली तर त्याच दिवशी अनुभवी माणसाशी जोडून देतात. यात त्यांना तोड नाही.

तिसरी सेवा म्हणजे तक्रार. आमच्या ओळखीतल्या एका दादाने दुकानातून घेतलेलं लॅब्राडोरचं पिल्लू आठवड्याच्या आत पार्वोने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराने, गेलं. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे दुकानात खेळकर दिसलेलं पिल्लू घरी आल्यावर कोसळतं आणि दुकानदार म्हणतो तुमच्याच घरी झालं. दादा संतापून दुकानात जाऊन तमाशा करणार होता. गटातल्या मुलाने त्याला थांबवलं आणि आधी कागद गोळा करायला लावले. बिल, पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट, लसीचं कार्ड आणि त्यावरच्या लेबलांचे फोटो, डॉक्टरांचा रिपोर्ट, टेस्टचा निकाल, कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिचा नंबर. मग तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि दर थोड्या दिवसांनी लेखीच विचारायचं की पुढे काय झालं. कुणाच्या कुंपणावरून उडी मारून व्हिडिओ काढायचा नाही, कारण पुरावा तर बाद होतोच, वर तुमच्यावरच केस होते. हे ऐकायला नीरस वाटतं पण असंच काम पुढे सरकतं. त्या दुकानाची तपासणी झाली. निकाल अजून लागायचाय, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

गटाची एक भूमिका लोकांना सगळ्यात जास्त बोचते आणि मला ती शंभर टक्के पटते: दया येऊन विकत घ्यायचं नाही. दुकानातलं मरतुकडं पिल्लू बघून "निदान याला तरी वाचवू" म्हणून पैसे मोजले की ते पिल्लू सुटतं, पण रिकाम्या पिंजऱ्यासाठी त्याच आईवर परत नर सोडला जातो, आणि त्याचा खर्च आपण दिलेला असतो. आजारी पिल्लू दिसलं तर फोटो, तारीख, जागा आणि तक्रार. हे करताना काळीज फाटतं हे गटातले लोक मान्य करतात, त्यातल्या दोघांनी मला सांगितलं की दुकानातून बाहेर येऊन ते रडले होते, पण पाकीट उघडलं नाही.

छोट्या गटांनी काय होणार असं म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. २००८ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रेस्क्यू संस्थेने शिकागोत टीव्हीवरच्या प्रसिद्ध ओप्रा विन्फ्रीच्या स्टुडिओजवळ मोठा फलक लावला, पपी मिलवर, म्हणजे पिल्लांच्या अशा कारखान्यांवर, कार्यक्रम करा अशी विनंती करणारा. तिने केला, लाखो लोकांनी पहिल्यांदा ते पिंजरे पाहिले, आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने मोठ्या व्यावसायिक केनेलसाठी, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागांसाठी, कायदा कडक केला, प्रौढ कुत्र्यांसाठी जाळीचा तळ आणि एकावर एक पिंजरे रचणं बंद. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून दुकानात कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात ऑस्कर नावाच्या कुत्र्यावरून उभी राहिलेली चळवळ व्हिक्टोरिया राज्याच्या २०१७ च्या कायद्यापर्यंत पोचली. पण कायदा झाला की संपलं असंही नाही, कॅलिफोर्नियात २०१९ पासून पेट शॉपमध्ये फक्त रेस्क्यू प्राणी ठेवायची सक्ती झाली तर ब्रीडरांनी खोट्या रेस्क्यू संस्था काढल्या आणि तीच पिल्लं "रेस्क्यू" म्हणून विकली, ती पळवाट बुजवायला २०२० मध्ये दुसरा कायदा करावा लागला. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकन कृषी खात्याने ब्रीडरांच्या तपासणीचे अहवाल वेबसाइटवरून काढूनच टाकले, ते परत आणायला कोर्टकचेऱ्या आणि संसदेपर्यंत झगडा, २०२० उजाडलं. प्रत्येक वेळी पळवाट पकडणारी माणसं ही अशीच, मावशींसारखी, जाहिराती आणि कागद तपासत बसणारी.

आता जिथे गट कमी पडतो ते. पहिलं, मांजरं. कुत्र्यांसाठी ढीगभर स्वयंसेवक, मांजरांसाठी मोजकेच, आणि मांजरांचं ब्रीडिंग बहुतेक वेळा फ्लॅटच्या बंद खोलीत चालतं, वास आला तर शेजाऱ्यांना कळतं नाहीतर नाही. स्कॉटिश फोल्डचा साधा मुद्दा कितीतरी लोकांना माहीत नाही, कान दुमडणारं जनुक अंगभर कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडांवर, परिणाम करतं, शेपटी आणि पायांचे सांधे दुखतात, ते मांजर शांत बसतं कारण हलायला त्रास होतो. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याची डीएनए टेस्ट उपलब्ध आहे, म्हणजे विक्रेत्याला आईबापाचा रिपोर्ट मागता येतो. गटाच्या कागदात यातलं काही नाही. मी दोनदा सांगितलं, करू म्हणाले, झालेलं नाही.

दुसरं, उत्तराला वेळ लागतो. आम्हाला मावशी लवकर मिळाल्या, पण ओळखीतल्या एका जोडप्याला चार दिवस उत्तर नाही आलं आणि तोवर त्यांनी पिल्लू आणलंही होतं. सुट्ट्यांच्या दिवसांत, भेट म्हणून पिल्लू द्यायचं वेड असतं तेव्हा, नेमके हेच लोक थकलेले असतात. तिथे आपोआप जाणारं एक उत्तर तरी हवं, त्यात तो एका पानाचा कागद जोडलेला.

तिसरं जरा नाजूक आहे. काही तरुण स्वयंसेवक आधीच पिल्लू विकत घेतलेल्या माणसाशी फार कडवट बोलतात. तो दादा, ज्याचं पिल्लू मेलं, त्याला एकाने पहिल्याच फोनवर "तुम्हीच पैसे देऊन हे चालू ठेवता" असं सुनावलं. मुद्दा खरा असेल, पण त्याच्या घरात तेव्हा पोरं रडत होती. माणूस दुखावला की तक्रार करायला पुढे येत नाही, आणि अशा माणसाकडेच बिल आणि पुरावे असतात. मावशींनी नंतर त्या मुलाला समजावलं असं कळलं, आणि त्यानेच पुढे दादाला सगळी मदत केली, हेही नोंदवते.

एक मात्र आवर्जून, हा गट सगळ्या ब्रीडरांना एका मापात मोजत नाही. वर्षात क्वचित एखादं वेत घेणारे, आईबापाच्या टेस्ट दाखवणारे, घेणाऱ्याला नाव नोंदवून थांबायला लावणारे, उलट तपासणी करणारे, आणि पुढे कधीही जमलं नाही तर पिल्लू मलाच परत द्या असं लिहून देणारे लोक आहेत, आणि जात हवीच असेल तर गट अशांकडे जा म्हणतो. त्याआधी एकदा शेल्टर बघून या, एवढी विनंती करतो. माझ्या मते हे योग्य आहे, नाहीतर लोक ऐकायलाच येत नाहीत.

रेटिंग द्यायचं तर जाहिरात तपासणीला पाचपैकी साडेचार, अर्धा उशिरासाठी कापला. माद्यांच्या दत्तकाला पाचपैकी पाच. तक्रारीच्या मदतीला चार. मांजरांच्या कामाला अडीच, आणि तेही जे मोजके लोक करतात त्यांच्या कष्टाकडे बघून. मावशी सध्या मांजरांसाठी फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारी, घरं शोधतायत, एक रिकामी खोली, खिडकीला जाळी आणि थोडे महिने एवढंच लागतं, मांजरीची नसबंदी आणि औषधं गट बघतो. तुमच्या भागातल्या गटालाही हीच गरज असणार, विचारून बघा.